‘फरार’ आडनावाची कुळकथा

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. नववीच्या वर्गास आम्ही इतिहास शिकवीत होतो. बोलण्याच्या ओघात डेव्हिड लिव्हिंगस्टनचे नाव निघाले, आणि त्याचे शव आफ्रिकेच्या पोटातून समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्या मंडळीत आपल्या नाशिकात शिकलेले सहा जण होते, ही पुस्तकात नसलेली हकीकत आम्ही आपल्या पदरची सांगितली. ती सहाही नावे फळ्यावर लिहिली : जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, रिचर्ड रटन, बेंजामिन रटन आणि कॅरस फरार. शेवटचे नाव लिहून खडू खाली ठेवतो न ठेवतो तोच मागल्या बाकावरून प्रश्न आला, “सर, तो फरार का झाला?” सारा वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे.

एक मुलगा मात्र हसला नाही. तास संपल्यावर तो शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि खालच्या आवाजात म्हणाला, “सर, आडनाव बदलावयाचे असल्यास अर्ज कोणाकडे करावा लागतो? बाबा म्हणतात, दहावीचा फॉर्म भरण्याआधीच काय ते केले पाहिजे.” या मुलाचे घर चार पिढ्यांचे ख्रिस्ती. घरात बोलणे मराठी, जेवण बाजरीच्या भाकरीचे, आणि आडनाव अस्सल इंग्रजी. त्याच्या खापरपणजोबांस दुष्काळात आईबाप राहिले नाहीत. मिशनने त्यांना सांभाळले आणि ज्या साहेबाच्या पदरी ते वाढले त्याचे नाव त्यांना लागले. वर्गातील मुले त्या नावावरून त्याची थट्टा करीत, हे आम्हांस ठाऊक होते. परंतु आपल्या त्या दिवसाच्या हसण्याने त्या थट्टेस आम्हीही हातभार लावला, हे त्याला पाहीपर्यंत ध्यानात आले नव्हते. “विचार करून सांगतो,” एवढेच बोलून आम्ही त्याला वाटेस लावले, आणि त्याच्या आडनावाचा विचार करण्यापूर्वी ज्याच्यावर वर्ग हसला त्या आडनावाचा माग काढावयास बसलो.

आपल्या ‘फरार’ या शब्दाशी त्या आडनावाचे काही नाते नाही. आपला शब्द अरबी. ‘पळून जाणे’ या अर्थाचा, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. आडनाव आले ते लॅटिनमधून. लॅटिन भाषेत लोखंडास ‘फेरम’ म्हणत आणि लोखंडाचे काम करणाऱ्यास ‘फेरारियस’. आज ज्यास आपण फ्रान्स म्हणतो त्या गॉल देशावर रोमचे राज्य सुमारे पाचशे वर्षे राहिले. तेथील लोकांच्या जिभेवर लॅटिनचे शब्द झिजत झिजत जुनी फ्रेंच भाषा बनली, आणि फेरारियसचा ‘फेरॉर’ झाला. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले. त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे त्या देशाच्या दरबारात व न्यायकचेऱ्यांत फ्रेंच चालली. इंग्रजांचा स्वतःचा लोहार ‘स्मिथ’ होताच. त्याच्या शेजारी भाता मांडून हा फ्रेंच लोहार बसला. घोड्यास नाल ठोकणारा ‘फॅरियर’ हाही त्याच मुळाचा. आपल्याकडील नालबंदांचा तो विलायती भाऊबंद होय. पुढे आडनावे वंशपरंपरेने चालू लागली, तेव्हा मुलगा वकील होवो की पाद्री, बापाचा ऐरणीवरचा हुद्दा त्यास चिकटून राहिला. उत्तर इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशायर परगण्यात, हे नाव आजच्या रूपात स्थिरावले. इंग्रज त्याचा उच्चार ‘फॅरर’ असा करतात. मराठीने त्यास ‘फरार’ केले.

या घराण्याचा गोतावळा मोठा आहे. ज्या लाल मोटारीची चित्रे आमचे विद्यार्थी वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवितात, ती काढणारा इटलीचा फेरारी आडनावाने लोहारच. स्पेनमध्ये ‘फ’चा ‘ह’ होऊन ते हेरेरा झाले. पोर्तुगालात ‘फेरैरा’ हे मुळात लोखंडाच्या खाणीच्या वा भट्टीच्या गावाचे नाव. ते पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आणि वसईत आले. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्या हाती होती. त्या काळात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचे अथवा धर्मपित्याचे नाव लागून तेथील मराठी बोलणारी घरे फरेरा झाली, डिसोजा झाली, लोपीस झाली. (परेरा निराळे, त्या नावात नासपतीचे झाड आहे.) म्हणजे आमच्या विद्यार्थ्याच्या खापरपणजोबांवर जो प्रसंग आला तो काही नवा नव्हता. आणि अर्थच पाहावयाचा तर आपले लोखंडे व लोहारही याच पंगतीत बसतील.

आता हे नाव नाशिकास कसे आले ते पाहू. १८३२ साली चर्च मिशनरी सोसायटीने येथे काम आरंभिले. तिच्या पहिल्या पाद्र्यांत रेव्हरंड चार्ल्स फरार हे एक होते. पेशवाई जाऊन तेव्हा चौदाच वर्षे झाली होती. गोदावरीच्या घाटांवर आणि पंचवटीत एका परक्या पाद्र्याने उभे राहून बोलावे, हे त्या काळी किती जड गेले असेल याची कल्पनाच करावी. त्यांचा मुलगा फ्रेडरिक १८३१ च्या ऑगस्टात मुंबईस जन्मला होता. तीन वर्षांचा झाला तेव्हा त्यास विलायतेस आत्यामावशांच्या स्वाधीन करण्यात आले. हाच पुढे कँटरबरीचा डीन फरार. भाषांच्या उत्पत्तीवर त्याने लिहिलेल्या ग्रंथांमुळे डार्विनने त्याचे नाव रॉयल सोसायटीकडे सुचविले, आणि १८८२ साली डार्विनला वेस्टमिन्स्टर ॲबीत मूठमाती दिली तेव्हा शवपेटीचा गोफ धरणाऱ्यांत हाही होता. त्याने लिहिलेले ख्रिस्तचरित्र १८७४ साली निघाले आणि घरोघर गेले. हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे.

महाराष्ट्रात या नावाची आणखी एक व्यक्ती होऊन गेली, तिला वगळणे कृतघ्नपणाचे होईल. मिस सिंथिया फरार या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईस आल्या आणि पुढे अहमदनगरास मुलींच्या शाळा चालवीत तेथेच १८६२ साली वारल्या. त्यांच्या नगरच्या शाळा पाहून जोतीराव फुल्यांच्या मनात मुलींच्या शाळेचा विचार आला, असे स्वतः जोतीरावांनीच सांगितले आहे. आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे घेतले ते या बाईंकडेही. महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाची जी भट्टी पेटली तिच्या भात्यावर एक हात ‘लोहारबाईं’चा होता, असे म्हटल्यास ती थट्टा त्यांनी गोड मानून घेतली असती.

असो. आता शरणपुराकडे वळू. आज शरणपूर रस्ता म्हटले म्हणजे दुकाने, दवाखाने आणि वाहनांचा गोंगाट डोळ्यांपुढे येतो. त्या नावात ‘शरण’ आहे हे मुलांना सांगावे लागते. १८५४ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी ही ख्रिस्ती वसाहत गावाबाहेर वसविली. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसे धरून गलबतांत भरून अरबस्तानाकडे विकावयास नेत. इंग्रजी आरमार अशी गलबते पकडी, आणि त्यांतील मुले कोणाच्या तरी हवाली करावी लागत. त्यांच्या गावांचा ठिकाणा त्यांना स्वतःला सांगता येत नसे. येत असला तरी तेथवर पोहोचविणार कोण? कित्येक मुंबईस उतरली आणि त्यांतील काही शरणपुरास आली. येथे ती वाचावयास शिकली, इंग्रजी शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली, उपासनेस बसू लागली, आणि येथेच त्यांना नवी नावे मिळाली.

ती नावे नीट पाहिली म्हणजे मन चमत्कारिक होते. वेनराइट म्हणजे गाडे करणारा सुतार. वेलिंग्टन हे इंग्लंडातील एका गावाचे नाव. १८०३ साली आपल्या असईच्या रणात शिंदे-भोसल्यांशी लढलेल्या आर्थर वेलस्लीने पुढे सरदारकीसाठी ते घेतले आणि जगात गाजविले. ज्या मुलास ते लावले त्याला आईने चेंग्विंबे म्हणून हाक मारली होती. तो याओ जमातीचा, न्यासा सरोवराकडला. आणि कॅरस फरार! मिशनच्या पहिल्या पिढीतील त्या पाद्र्याची आठवण म्हणूनच हे आडनाव या मुलास दिले असावे, अशी आमची समजूत आहे. रोमच्या ऐरणीवर घडलेले, फ्रान्सात झिजलेले, यॉर्कशायरात मुरलेले नाव नाशिकात एका आफ्रिकन पोराच्या गळ्यात पडले. देणाऱ्यांनी ते प्रेमाने दिले, यात संशय नाही. परंतु घेणाऱ्यास कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे. आणि त्याचे पहिले नाव त्याखाली झाकले गेले. मिशनच्या उपकारांत वाढलेल्या आमच्यासारख्याने हे लिहावे की न लिहावे, असा विचार आम्ही पुष्कळ केला. शेवटी लिहिले.

१८६५ साली लिव्हिंगस्टन स्वतः नाशिकास आला आणि येथील नऊ मुले आपल्या अखेरच्या प्रवासास घेऊन गेला. त्यांच्याविषयी त्याने आपल्या रोजनिशीत कडक शब्द लिहिले आहेत. काही आळशी निघाले, काही उलटले, काही त्यास रानात सोडून गेले; म्हणजे आपल्या अर्थाने खरोखरच फरार झाले. हे लपविण्यात हशील नाही. ज्यांना लहानपणी कोणी तरी फरफटत नेले त्यांनी मोठेपणी दुसऱ्याच्या शोधासाठी चालत राहावे, असा कायदा कोठे आहे? दुसरी तुकडी, आमच्या फळ्यावरील ती सहा नावे, १८७२ साली तिकडे गेली. स्टॅनलीने जांझिबारहून लिव्हिंगस्टनकडे सत्तावन्न माणसे पाठविली, त्यांत हे सहा जण होते. ऑगस्टात ते उन्यान्येंबे येथे पोहोचले आणि त्या म्हाताऱ्या, आजारी माणसाबरोबर दक्षिणेकडे निघाले. बँगवेउलू सरोवराच्या भोवतालच्या दलदलीत पाऊस, जळवा आणि भूक यांत महिने गेले. चालणे संपले तेव्हा लिव्हिंगस्टनला खाटल्यावर घालून त्यांनी उचलले. १ मे १८७३ रोजी पहाटे, आज झांबिया देशात असलेल्या चितांबो नावाच्या मुखियाच्या गावी, तो बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मरण पावलेला त्यांना आढळला.

येथे क्षणभर थांबावे, असे आम्ही दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितले. धनी मेला होता. समुद्र शेकडो कोस दूर. वाटेतल्या गावांत प्रेताचे मोठे भय. प्रेत घेऊन येणाऱ्यांवर दंड बसे, मारही पडे. या साऱ्यांनी तेथेच खड्डा खणून धन्याला पुरले असते आणि वाट फुटेल तिकडे गेले असते, तर जाब विचारणारा मागे कोणी नव्हता. पळून जाण्यास याहून सोयीची वेळ मनुष्याच्या आयुष्यात क्वचितच येते.

ते पळाले नाहीत. चुमा व सूसी या लिव्हिंगस्टनच्या जुन्या सोबत्यांनी पुढारीपण घेतले. शव टिकविण्याचे ठरले. जांझिबारच्या एका डॉक्टरकडे नोकरीस राहिलेला फारिजाला नावाचा एक जण होता; त्यास हे काम थोडे ठाऊक होते. त्याने मदतीस एक माणूस मागितला आणि त्यास कॅरस देण्यात आला. लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीच्या छापील ग्रंथात याचे नाव ‘कॅरास’ एवढेच पडले आहे, आडनाव गळाले. लहान पोराबाळांस सांगण्याजोगे ते काम नव्हे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. हृदय एका पत्र्याच्या पेटीत घालून झाडाखाली पुरले. जेकब वेनराइटने इंग्रजी प्रार्थनेच्या पुस्तकातून मूठमातीचा विधी वाचला आणि त्या झाडाच्या सालीवर नाव व तारीख कोरली. तो कोरलेला तुकडा पुढे लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला. शरीराला मीठ भरून चौदा दिवस उन्हात सुकविले, कापडात गुंडाळले, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात ठेवले, आणि निघाले.

सुमारे दीड हजार मैलांची वाट, नऊ महिने. उन्यान्येंबे येथे लेफ्टनंट कॅमेरॉन हा इंग्रज अधिकारी भेटला. त्याने सल्ला दिला की, शव येथेच पुरावे, पुढे धोका आहे. ज्याच्या देशाच्या माणसाचे ते शव, तोच असे म्हणत होता. पण यांनी मानले नाही. पुढे एका ठिकाणी गावकऱ्यांनी खरोखरच वाट अडविली. तेव्हा यांनी काड्याकुड्यांचे एक खोटे प्रेत बांधून ते परत पुरावयास पाठविले आहे असे दाखविले, आणि खऱ्या शवाची कापडाच्या गाठोड्यासारखी मोट बांधून ते पुढे काढले. खोटे प्रेत नेणाऱ्यांनी रात्री रानात काड्या विखरून टाकल्या आणि गुपचूप येऊन मंडळीस मिळाले. आमच्या वर्गास ही युक्ती फार आवडली. मागल्या बाकावरील तो प्रश्नकर्ता तर दोनदा सांगा म्हणाला.

१८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोच्या किनाऱ्यास लागले. इंग्रज अधिकाऱ्याने शव ताब्यात घेतले, मंडळीची मजुरी चुकती केली आणि त्यांना रजा दिली. मिशनच्या खर्चाने एकटा जेकब वेनराइट शवाबरोबर इंग्लंडास गेला आणि १८ एप्रिलला वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर चालला. चुमा व सूसी यांना नेले, पण तोपर्यंत सारे आटोपले होते. त्याच वर्षी, त्याच शहरात, मुंबईस जन्मलेल्या फरारचे ख्रिस्तचरित्र लोक हातोहात नेत होते. शरणपुरास वाढलेला फरार मजुरी घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावर मोकळा झाला होता. दोघांचेही लहानपण आईबापांवाचून गेले. एकाला आईबापांनी जहाजात बसविले, दुसऱ्याला चोरांनी.

कॅरसनेही त्या प्रवासाची हकीकत इंग्रजीत लिहून ठेवली होती. ती मिशनच्या दप्तरात पडून राहिली आणि १९५० साली ‘युगांडा जर्नल’मध्ये छापून निघाली. जेकबची रोजनिशी पूर्वी जर्मन भाषांतरात निघाली होती. तिची मूळ इंग्रजी प्रत २०१९ साली सर्वांस वाचावयास खुली झाली. लिव्हिंगस्टनच्या मरणाची हकीकत त्या ठिकाणी हजर असलेल्यांच्या स्वतःच्या अक्षरात जगास मिळाली, ती नाशिकात धुळाक्षरे गिरविलेल्यांकडून. चेंग्विंबे ऊर्फ मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत दीर्घायुषी ठरला. तो १९३५ साली मोंबासा येथे वारला. १८७५ साली प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ फ्रीअर टाउन वसविले तेव्हा नाशिकची पुष्कळ आफ्रिकन मंडळी तिकडे गेली आणि ही नावेही त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडून गेली. तिकडे त्यांना ‘मुंबईकर आफ्रिकन’ म्हणत. आपल्या मायदेशी परतूनही मनुष्य परगावच्या नावाने ओळखला जातो, हा अनुभव मुंबईच्या गिरणीतून गावी परतलेल्या आपल्याकडच्या कित्येकांस नवा वाटणार नाही.

हे सारे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा तो मुलगा तिसऱ्या बाकावर होता. तासानंतर तो पुन्हा आला. आम्हांस वाटले होते, आता तो अर्जाचा विचार सोडील. शिक्षकाला असे वाटण्याची खोड असते. त्याने विचारले, “सर, कॅरसला जर नाव बदलता आले असते, तर त्याने बदलले असते काय?” आम्ही म्हणालो, “कदाचित बदलले असते. आणि तसे केले असते तर त्यात वावगे काय?” तो जरा चकित झाला. मग म्हणाला, “पण मग तुम्ही फळ्यावर कोणते नाव लिहिले असते?” याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

पुढल्या आठवड्यात त्याचे वडील आले. सज्जन गृहस्थ. त्यांना राजपत्रात जाहिरात देण्याची रीत, प्रतिज्ञापत्र, शाळेच्या नोंदवहीत करावयाचा बदल, हे सर्व आम्ही समजावून सांगितले आणि शाळेचा दाखलाही तयार करून दिला. नवे आडनाव कोणते घेणार, असे विचारता ते म्हणाले की, मूळचे कोणते होते ते घरात कोणासच सांगता येत नाही. गावाच्या नावावरून काही तरी करू. म्हातारी मात्र नको म्हणते. मुलाने तेवढ्यात आपल्या सध्याच्या आडनावाचा अर्थ आम्हांस विचारून घेतला. ते पाणचक्की चालविणाऱ्याचे निघाले. ते ऐकून वडीलच प्रथम हसले. त्यांची गावी पिठाची गिरणी होती.

अर्ज अद्याप आमच्या मेजाच्या खणात आहे. खालची सही व्हावयाची आहे. सहामाही परीक्षा झाली की येतो, असे ते सांगून गेले आहेत.